दुभत्याचे कपाट ते शीतकपाट

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी उभ्या राहतात. विद्यार्थ्यांना हा विषय रुक्ष वाटतो त्याचे एक कारण हेच असावे. परंतु घरातल्या साध्या भांड्यालाही इतिहास असतो, आणि तो कित्येकदा राजवाड्याच्या इतिहासाहून आपल्याला अधिक जवळचा असतो. दूध घरात आणल्यापासून ते पोटात जाईपर्यंत सांभाळायचे कसे, हा प्रश्न आपल्या आया-बहिणींनी हजारो वर्षे रोज नव्याने सोडवला आहे. या प्रश्नाची बखर कोणी लिहिली नाही, कारण तो स्वयंपाकघरातला. प्रस्तुत लेखात त्या न लिहिलेल्या बखरीची काही पाने उलगडून पाहण्याचा विचार आहे.

आमचे वांकिडी हे आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सीमेवरील गाव. निजामाच्या राज्यात आम्ही आणि राजुरा एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. राजुरा पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. २०१६ साली जिल्ह्याचेही विभाजन झाले आणि जुन्या आदिलाबादमधून कुमुरम भीम आसिफाबाद हा नवा जिल्हा झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, पाट्यांवरच्या लिपी बदलल्या; सकाळी दुधाचे भांडे घेऊन दारात उभे राहणे काही बदलले नाही. इथे मराठी माणूस 'दूध' मागतो, तेलुगू माणूस 'पालु' म्हणतो, गोंडीत ते 'पाल' होते. नावे वेगळी, पण उन्हाळ्यात दुपारपर्यंत दूध नासले तर तिन्ही घरांतली हळहळ सारखीच असते.

नाशवंत धन

दुधासारखे नाजूक अन्न दुसरे नाही. धान्य कणगीत वर्षभर राहते, मीठ-मिरची बरणीत टिकते, मांस वाळवता येते. दुधाची मात्र धार काढली तेथूनच घटका मोजायला सुरुवात होते. जनावराच्या कासेतून येणारे धारोष्ण दूध सुमारे अडतीस अंश उष्णतेचे असते. त्यात पाणी आहे, साखर आहे, प्रथिने आहेत, स्निग्धांश आहे. जे अन्न वासराला आणि बाळाला पोसते, तेच अन्न सूक्ष्म जंतूंनाही पोसते. ते जंतू कासेवरून, हातावरून, चरवीच्या कडेवरून, उडणाऱ्या धुळीतून दुधात येतात.

वाचकांनी येथे थोडे गणित करावे. अनुकूल उष्णतेत काही जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. म्हणजे एका जंतूचे पाच तासांत एक हजाराच्या वर आणि दहा तासांत दहा लाखांच्या वर जंतू होतात. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. तीच गोष्ट दर उन्हाळ्यात आपल्या पातेल्यात घडत असते. यांतले काही जंतू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात. त्या आम्लाने दूध फाटते, त्याला आपण 'नासले' म्हणतो. परंतु नासलेले दूध निदान दिसते तरी. काही रोगजंतू दुधाचा रंग, वास, चव यांपैकी काहीही न बदलता त्यात वाढत राहतात. खरा धोका हा न दिसणारा आहे.

शिंके, माठ आणि विरजण

जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी आपल्या घरांनी दुधाच्या रक्षणाची व्यवस्था उभी केली होती. पहिली व्यवस्था उंचीची. आढ्याला टांगलेले शिंके हे दुधादह्याचे पहिले कपाट. कृष्णकथेतल्या गोपींनी लोणी शिंक्यावर ठेवले म्हणून तर गोपाळांना एकमेकांच्या खांद्यावर चढावे लागले आणि आपल्याला दहीहंडीचा सण मिळाला. 'शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले' ही म्हण त्याच घरातली. मांजर, उंदीर आणि मुंग्या यांच्यापासून शिंके दुधाला वाचवीत असे. शिवाय उंचावर वारा लागून भांड्याला थोडी थंडाईही मिळे. पुढे शिंक्याची जागा लाकडी चौकटीच्या, जाळी लावलेल्या कपाटाने घेतली. त्याचे नावच 'दुभत्याचे कपाट'. जुन्या वाड्यांतून ते स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या किंवा सावलीच्या बाजूला असे, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे चारी पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवलेले असत.

दुसरी व्यवस्था ओलाव्याची. परातीत पाणी घालून त्यात दुधाचे भांडे ठेवायचे, भांड्याला ओले फडके गुंडाळायचे आणि फडक्याचे टोक पाण्यात सोडायचे. पाण्याची वाफ होताना ती भांड्यातली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. चंद्रपूर-आदिलाबादच्या कोरड्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास घोटाळतो, तेव्हा ही युक्ती उत्तम चालते. कोकणच्या दमट हवेत ती तितकी चालत नाही, आणि आपल्याकडेही पावसाळ्यात ती लंगडी पडते. प्रत्येक प्रदेशाचे घरगुती शास्त्र त्या प्रदेशाच्या हवेने घडवलेले असते, ते असे.

तिसरी व्यवस्था मात्र बुद्धीची कमाल म्हणावी लागेल. दूध टिकत नाही ना, मग त्याचे रूपच बदलून टाकायचे! विरजण लावणे म्हणजे चोराच्याच हाती तिजोरीची राखण देणे. आम्ल करणारे निवडक जंतू आपण होऊन दुधात सोडायचे. ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात इतर पुष्कळ उपद्रवी जंतूंना वाढता येत नाही. दही घुसळून लोणी काढले आणि लोणी कढवले की त्यातले पाणी उडून जाते. पाणी नाही तेथे जंतू वाढत नाही, म्हणून तूप महिनोन्महिने टिकते. दूध आटवून खवा करणे हीही पाणी घालवण्याचीच रीत, मात्र खव्यात ओल उरते म्हणून तो तुपाइतका टिकत नाही. मराठवाड्यात भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा यांचे नाव झाले त्यामागे हाच विचार आहे: शहर दूर, दूध नाशवंत, तेव्हा दुधाने नव्हे तर खव्याने प्रवास करावा.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, तेही सीमेवरचेच. त्या ग्रंथातील अन्नाच्या प्रकरणात दह्याची शिखरिणी आहे आणि ताकाची 'मज्जिका' आहे. आमचा तेलुगू शेजारी आजही ताकाला 'मज्जिगा' म्हणतो. राजाच्या ग्रंथातला शब्द आठ-नऊशे वर्षे गवळ्याच्या जिभेवर टिकला, कारण ताक रोज लागणारी वस्तू होती.

चूल आणि पाश्चर

आता चौथी व्यवस्था: अग्नी. दूध आल्याबरोबर तापवायचे हा आपल्या घराघरांतला दंडक. निरसे दूध फार वेळ ठेवायचे नाही, हे आजीने सांगितले आणि आईने पाळले. युरोपात ही सवय सार्वत्रिक नव्हती. तेथे कच्चे दूध पिण्याची रीत मोठी होती आणि शहरे वाढली तसे त्याचे परिणाम भयंकर झाले. १८५८ साली न्यूयॉर्कमध्ये मद्याच्या भट्ट्यांतला चोथा खाऊ घातलेल्या रोगट गाईंच्या दुधावरून मोठे वादळ उठले, कारण त्या दुधाने लहान मुले दगावत होती.

१८५७ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी दूध आंबण्यावरचा आपला निबंध मांडला आणि हे काम सजीव सूक्ष्म जंतूंचे आहे असे प्रतिपादले. पुढील दशकात त्यांनी द्राक्षमद्य बेताने तापवले तर ते बिघडत नाही हे दाखवले. हीच रीत दुधाला लावावी अशी सूचना १८८६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रांझ फॉन सॉक्स्लेट यांनी केली. पाश्चरीकरण म्हणजे दूध उकळणे नव्हे. त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास, किंवा बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच थंड करणे, असे त्याचे प्रमाण ठरले. 'लगेच थंड करणे' हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

माल्टा बेटाची कथा येथे सांगण्याजोगी आहे. तेथील इंग्रज शिपायांना चढउतार होणारा चिवट ताप येत असे. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला; पण तो माणसात येतो कोठून हे कळेना. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झामिट यांनी दाखवले की धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तातच तो आहे, आणि दुधावाटे तो माणसापर्यंत पोहोचतो. शेळी निरोगी दिसते, दूध पांढरेशुभ्र दिसते, आणि आत रोग असतो. गाईगुरांतला क्षयही असाच दुधावाटे येतो. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्रॉस यांनी १८९३ पासून गरीब मुलांसाठी पाश्चरीकृत दुधाची केंद्रे काढली, आणि १९०८ साली शिकागो शहराने पाश्चरीकरण सक्तीचे केले. आमच्या आजीने यांपैकी एकाचेही नाव ऐकले नव्हते. पण दूध वर येईपर्यंत ती चुलीपुढून हलत नसे. शास्त्र तिला ठाऊक नव्हते, आचार ठाऊक होता. तिच्या आचाराला पाश्चरने कारण पुरवले, एवढेच.

समुद्रावरून आलेला बर्फ

थंडीने अन्न टिकते हे ज्ञान जुनेच; पण उष्ण देशात थंडी आणायची कोठून? एकोणिसाव्या शतकात तिचाही व्यापार झाला. अमेरिकेतील बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात बांधून, 'टस्कनी' नावाच्या जहाजाने कलकत्त्याला पाठवला. सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालेले ते जहाज १८३३ च्या सप्टेंबरात पोहोचले तेव्हा त्यातला निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत होता. लवकरच हा बर्फ मुंबईत आणि मद्रासेतही येऊ लागला. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरचे त्या काळचे बर्फघर आजही उभे आहे. स्वामी विवेकानंद पुढे तेथे राहिले म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. अर्थात हा बर्फ साहेबाच्या पेल्यासाठी होता. गवळ्याच्या चरवीपर्यंत तो कधी आला नाही.

यंत्राने थंडी निर्माण करण्याचे प्रयत्न याच सुमारास चालू होते. १८३४ साली जेकब पर्किन्स यांनी बाष्पाच्या दाबावर चालणाऱ्या शीतयंत्राचे पेटंट घेतले. त्याचे तत्त्व सांगितले तर वाचकांना हसू येईल, कारण ते आपल्या माठाचेच तत्त्व आहे. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. माठात ती वाफ हवेत उडून जाते. यंत्रात ती नळीत कोंडून, दाबून पुन्हा द्रव केली जाते आणि तीच उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकली जाते. म्हणून तर फ्रीजची पाठ गरम असते. ओल्या फडक्यात गुंडाळलेली कासंडी आणि पांढरेशुभ्र शीतकपाट ही एकाच कुळातली भावंडे आहेत.

मुंबईचे दूध आणि आणंदचे शेतकरी

आपल्या देशात दुधाच्या थंडीचा खरा इतिहास मुंबईच्या तहानेपासून सुरू होतो. मुंबईचे दूध त्या काळी शहरातल्या तबेल्यांतून येई आणि त्याची अवस्था शोचनीय होती. वर्गीज कुरियन यांनी आपल्या आठवणींत म्हटले आहे की या दुधाचा नमुना लंडनला तपासला तेव्हा तो तेथील गटाराच्या पाण्याहूनही दूषित ठरला. १९४५ साली सरकारने मुंबई दूध योजना सुरू केली. गुजरातेतील आणंद येथून चारशेहून अधिक किलोमीटर अंतरावरचे दूध रेल्वेने मुंबईत आणायचे ठरले. आणंदला पेस्तनजी एदलजी यांची पॉलसन डेअरी १९३० पासून चालू होती. दूध गोळा करण्याचा मक्ता तिला मिळाला.

दूध पोहोचू लागले, पण भाव शेतकऱ्याच्या पदरात पडेना. सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत जानेवारी १९४६ मध्ये सामरखा गावी शेतकऱ्यांची सभा झाली. त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ उभा राहिला आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी त्याची नोंदणी झाली. जून १९४८ मध्ये संघाने मुंबई योजनेसाठी दुधाचे पाश्चरीकरण सुरू केले, तेव्हा रोजचे दूध जेमतेम २५० लिटर होते. १९४८ सालाच्या अखेरीस ४३२ शेतकरी आणि रोजचे ५,००० लिटर असा पल्ला गाठला गेला. कुरियन तेथे आले ते मे १९४९ मध्ये. हिवाळ्यात म्हशींचे दूध वाढते आणि गिऱ्हाइकाची गरज तेवढीच राहते. त्या जादा दुधाचे करायचे काय? म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. भुकटी म्हणजे तरी काय? पाणी काढून दूध टिकवणे. खवा आटवणाऱ्या कढईचेच ते थोरले रूप.

इकडे मुंबईत दुग्ध आयुक्त दारा खुरोडी यांनी आरे वसाहत उभारली. ४ मार्च १९५१ रोजी तिचेही उद्घाटन नेहरूंनीच केले. शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी तेथे हलवल्या गेल्या. काचेच्या बाटल्यांतले, पत्र्याच्या पातळ झाकणाचे आरेचे दूध आणि पहाटे केंद्रापुढे लागलेल्या रांगा ही मुंबईकरांच्या दोन पिढ्यांची आठवण आहे. १९६३ साली त्रिभुवनदास पटेल, कुरियन आणि खुरोडी या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. पुढे १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले, १९७० ते १९९६ या काळात दूध महापूर योजना राबवली गेली आणि गेल्या शतकाच्या अखेरीस भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला.

या साऱ्या यशाचे रहस्य एका शब्दात सांगायचे तर तो शब्द 'साखळी' हा आहे. धार काढल्यापासून गावातले शीतकेंद्र, तेथून टाकी असलेली मोटार, तेथून डेअरी, तेथून दुकान, अशी थंडीची अखंड साखळी. तिची एक कडी तुटली की मागच्या साऱ्या कड्यांची मेहनत वाया जाते. आणि या साखळीची शेवटची कडी आपल्या घरात असते.

घरात आलेली थंडी

अमेरिकेत घरगुती विजेची शीतकपाटे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आली. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे डोक्यावर गोल यंत्र असलेले कपाट आले आणि त्याचा मोठा प्रसार झाला. आपल्याकडे १९५८ साली गोदरेज कंपनीने देशी फ्रीज बाजारात आणला. आम्हा हैदराबाद संस्थानातल्या लोकांना त्याहून जवळचे नाव 'ऑल्विन'. १९४२ साली निजामाच्या राज्यात स्थापन झालेला हा धातुकामाचा कारखाना पुढे बसगाड्यांचे सांगाडे, घड्याळे आणि फ्रीज बनवू लागला. आंध्र-तेलंगणातल्या पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत पहिली थंडी आली ती ऑल्विनच्या कपाटातून. १९९० च्या दशकात त्याचा फ्रीजचा धंदा व्होल्टासकडे गेला आणि ते नाव हळूहळू मागे पडले.

त्या काळी फ्रीज ही प्रतिष्ठेची वस्तू होती. तो स्वयंपाकघरात नव्हे, पाहुण्यांना दिसेल असा बैठकीत ठेवला जाई आणि त्यावर विणलेला रुमाल व फुलदाणी असे. आज आमच्या गावातही तो साधारण घरांत दिसतो. आणि येथेच माझ्या या निबंधाचा खरा मुद्दा येतो.

मागे एका पालक-सभेनंतर एक बाई थांबल्या. त्यांनी विचारले, "गुरुजी, फ्रीजात ठेवूनबी दूध काहून नासते जी? पोराले हगवण लागली." मी चौकशी केली. पिशवीतले दूध दुपारी उन्हातून आले होते. ते तापवले होते, पण कालच्या उरलेल्या दुधात मिसळून. भांडे होते दारातल्या कप्प्यात. आणि रात्री बाराला गेलेली वीज पहाटे पाचला आली होती. सकाळी दिवा लागलेला, कपाट गार. म्हणून दूध चांगले, असा त्यांचा समज. त्यांचे काय चुकले? आजीच्या चार व्यवस्था त्यांनी सोडल्या, कारण फ्रीज आला होता. आणि फ्रीजची व्यवस्था त्यांना कोणी शिकवली नव्हती, कारण दुकानदाराने फक्त हप्ते समजावून सांगितले. जुने ज्ञान गेले आणि नवे आले नाही, अशा मधल्या ओसाड जागेत आपली कितीतरी घरे आज उभी आहेत. या अज्ञानाची किंमत मोठ्यांना फारशी द्यावी लागत नाही. ती पाळण्यातल्या आणि अंगणवाडीतल्या मुलांना द्यावी लागते.

फ्रीज काय करतो, काय करत नाही

म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: फ्रीज जंतूंना मारत नाही, फक्त त्यांची वाढ मंद करतो. मारण्याचे काम अग्नीचे. आपल्या भागात पिशवीचे दूध उन्हातान्हातून, दुचाकीवरच्या खोक्यातून येते, थंडीची साखळी वाटेत तुटलेली असते. तेव्हा ते आणताच तापवावे. मात्र बराच वेळ बाहेर राहून बिघडू लागलेले दूध तापवून 'सुधारते' असे समजू नये, कारण काही जंतूंनी सोडलेले विष उकळूनही जात नाही.

दुसरी: तापवलेले दूध लवकर निवले पाहिजे. पाश्चरीकरणातले 'लगेच थंड करणे' ते हेच. कढत पातेले थेट फ्रीजमध्ये ठेवले तर आतले सारे अन्न कोमट होते. रात्रभर ओट्यावर ठेवले तर उकळीतून वाचलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात. यावर उपाय आजीचाच. परातीत गार पाणी घालून त्यात पातेले ठेवावे, दोनदा पाणी बदलावे, आणि तासा-दोन तासांच्या आत झाकण घालून ते फ्रीजमध्ये ठेवावे.

तिसरी: जागा. आतील उष्णता चार अंशांच्या जवळ असावी. दाराचा कप्पा सर्वांत कमी थंड, कारण दार उघडले की बाहेरची हवा प्रथम त्यालाच लागते. दुधाची जागा आतल्या फळीवर, मागच्या बाजूला. भांडे कोरडे, स्वच्छ, झाकलेले असावे. दूध वास फार लवकर ओढून घेते. कापलेला कांदा, मासळी शेजारी नको. कच्च्या मांसाचे भांडे तर नेहमी दुधाच्या खालच्या फळीवर. काल उरलेल्या दुधात आजचे दूध ओतू नये. ताज्याचे आयुष्य शिळ्याइतकेच होऊन बसते. लागेल तेवढेच दूध बाहेर काढावे, ओट्यावर राहिलेले परत भांड्यात टाकू नये, आणि फ्रीजमधलेही दोन दिवसांत संपवावे, कारण काही जंतू थंडीतही सावकाश वाढतच असतात.

चौथी गोष्ट वीज जाण्याची. दार बंद राहिले तर फ्रीज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. त्याहून अधिक वेळ वीज नसेल तर ते दूध मुलांना, गरोदर बाईला, आजाऱ्याला देऊ नये. टाकून देणेच शहाणपणाचे. वीज जाणार हे आधी कळले असेल तर दूध गार असतानाच निर्णय करावा: तापवून घ्यावे, कोमट झाले की विरजण लावावे. यंत्र थांबले की विरजणाने पुढे व्हावे, ही आपल्या परंपरेची सोय आजही बिनतोड आहे. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर आईच्या दुधाशिवाय दुसरे काही नकोच. त्या दुधाला ना चूल लागते, ना फ्रीज, ना वीज.

समारोप

शिंक्याने दूध मांजरापासून वाचवले, माठाने उन्हापासून, चुलीने रोगापासून, विरजणाने काळापासून. सहकाराने ते गावातून शहरात पोहोचवले, यंत्राने त्याला आणखी दोन दिवसांचे आयुष्य दिले. या इतिहासात एका साधनाने दुसऱ्याला हद्दपार केले असे कोठेही दिसत नाही. प्रत्येकाचे काम वेगळे होते आणि आहे. फ्रीज आला म्हणून चूल विझत नाही, हा या वाटचालीचा धडा आहे.

शाळेत आम्ही मुलांना पाश्चरचे चित्र दाखवतो, कुरियन यांचा जन्मदिवस म्हणजे २६ नोव्हेंबर राष्ट्रीय दुग्ध दिन हेही सांगतो. ते सांगावेच. पण या सुट्टीत मुलांनी आणखी एक काम करावे. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ बसावे आणि विचारावे: तुमच्या लहानपणी दूध कसे ठेवीत? भांडे कशाचे होते? विरजण संपले तर कोणाकडून आणीत? थंडीत दही लागावे म्हणून काय करीत? उत्तरे मराठीत येतील, तेलुगूत येतील, गोंडीत येतील. ती वहीत उतरवून घ्यावीत. मग घरच्या फ्रीजचे दार उघडून दुधाचे भांडे कोणत्या फळीवर आहे तेही पाहावे, आणि ते दारातल्या कप्प्यात असेल तर आईला कारण समजावून आत मागे सरकवावे.